विजेचा प्रवाह कमी-जास्त करून मायक्रोवेव्ह अडवणारा फोटॉनिक क्रिस्टल कसा बनवतात?

‘क्रिस्टल’ शब्दाला फसू नका, इथे स्फटिक वगैरे काही नसतं. लहरीच्या साधारण निम्म्या लांबीवर एकसारख्या वस्तू मांडत गेलं की ठरावीक फ्रिक्वेन्सी आरपार जातच नाहीत, परत फिरतात. १० गिगाहर्ट्झची लहर ३ सेंटीमीटरची, त्यामुळे मांडणी चक्क फूटपट्टीने मोजून करता येते. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांच्या गटाने तर ठोकळ्याला ड्रिलने तिरपी भोकं पाडून काम भागवलं!

पण भोकं एकदा पाडली की पाडली. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू: ट्यूबलाइटसारख्या डिस्चार्ज नळ्या रांगेत उभ्या करायच्या. नळी बंद असताना लहरीला फक्त काच दिसते. करंट वाढवला की आत मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात. घन सेंटीमीटरला ते एक लाख कोटी झाले, की साधारण ९ गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरींना तो वायू धातूसारखा वाटतो. मधली एक रांग विझवा, लहर त्या गल्लीतून वळते.

नळ्या तापतात, इलेक्ट्रॉनच्या टकरांमध्ये ऊर्जाही वाया जाते. छोट्या सर्किटसाठी मी व्हॅरॅक्टर डायोडच निवडेन: व्होल्टेज बदललं की त्याचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो आणि अडवलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा सरकतो.