पाहुणा म्हणजे पाहाले येणारा नव्हे!

प्रश्न असा आहे की बीएस्सीच्या नोट्समध्ये होस्ट-गेस्ट केमिस्ट्रीला एका ठिकाणी 'यजमान-अतिथी' लिहिलंय अन् दुसरीकडे 'आश्रयदाता-आश्रित', तर होस्टसाठी बरोबर शब्द कोणता. होस्ट म्हणजे मधे पोकळी असलेला, कड्यासारखा रेणू, अन् गेस्ट म्हणजे त्या पोकळीत येऊन बसणारा दुसरा रेणू किंवा आयन.

आश्रित आधी खोडून टाक. आश्रित म्हणजे ज्याला दुसरा ठाव नाही तो. इथं पोकळ कड्यात येणारा रेणू मोकळा असते, कड्याशी त्याचा पक्का बंध होतच नाही, येते, बसते, निघून जाते, त्याच्या जागी दुसरा येते. म्हणून होस्ट गेस्टला 'जखडतो' असं लिहिणंही चूक, 'धरतो' लिही.

आता अतिथी. आमच्याकडे गॅदरिंग असो की सत्कार, माईक हातात आला की पहिलं वाक्य ठरलेलं, 'ज्याच्या येण्याची तिथी नसते तो अतिथी'. वीस वर्षांपासून ऐकून राहिलो अन् दरवेळी तितकाच त्रास होते. यास्क हा जुना व्युत्पत्तिकार, त्यानं निरुक्त ह्या ग्रंथात पहिली व्युत्पत्ती दिली ती अत् धातूवरून, अत् म्हणजे चालत राहणं, फिरत राहणं, घराकडे चालत आलेला तो अतिथी. तिथी त्यानं दुसऱ्या पर्यायात आणली, पण तीही 'तिथीला लोकांच्या घरी येतो' अशी, म्हणजे माईकवाल्यांच्या बरोबर उलट! मनुस्मृतीत तर कायम राहत नाही म्हणून अतिथी, असं सरळ सांगितलंय. रसायनवाल्यांना हाच अर्थ पाहिजे.

पण खरा शब्द पाहुणा, आमच्या बोलीतला पाव्हना. ह्याचं मूळ संस्कृत प्राघूर्ण, घूर्ण् म्हणजे गरगर फिरणं, म्हणजे पाहुणासुद्धा भटक्याच! प्राकृतात झाला पाहुण, तिथून आपल्याकडे आला. आता लोक म्हणतात की पोरगी पाहाले येते तो पाहुणा, म्हणून पाहणेवरून. अहो, हिंदीत पाहुना आहे पण बघण्यासाठी पाहना आहे का? नाही. पंजाबीत तर अजून प्राहुणा म्हणतात, तो 'प्र' काय पाहण्यातून आला? काही जाणकार म्हणतात की पाहुण हाच जुना अन् संस्कृतवाल्यांनी मागाहून त्याला घूर्ण चिकटवला. मला हे पटत नाही, अतिथीसुद्धा फिरणाराच निघते तेव्हा दोन्ही शब्दांत एकच कल्पना असणं मला जास्त नैसर्गिक वाटते. अन् रेणूचं वागणंही तसंच, पाण्यात गरगर फिरत असते अन् पोकळी सापडली की थांबते.

थांबते काहून, हे समजलं की शब्द पक्का बसते. सायक्लोडेक्स्ट्रिन हा होस्ट घे. स्टार्चपासून जिवाणूंच्या एन्झाइमनं बनते, ग्लुकोजची 6, 7 किंवा 8 घरं गोल जोडलेली, आकार बिनबुडाच्या बादलीसारखा, एक तोंड मोठं, एक लहान. बाहेरून पाण्याशी जमते, आतून नाही जमत. आत अडकलेल्या पाण्याच्या रेणूंना शेजारी कमी मिळतात, म्हणून तेलकट पाहुणा आला की ते बाहेर पळतात अन् पाहुणा आत बसते. 8 घरांच्या अशाच कड्यात थोडा बदल करून सुगामाडेक्स नावाचं औषध बनवलं, ऑपरेशनमध्ये स्नायू ढिले करायला दिलेलं रोक्युरोनियम ते रक्तात गाठून आपल्या पोकळीत घेते अन् पेशंटचे स्नायू पुन्हा चालू लागतात. दुसऱ्या एका कड्याचं नाव कुकुरबिटुरिल, लॅटिन कुकुरबिटावरून, म्हणजे आपलं कोहळं, कारण तो रेणू वरून-खालून दबलेल्या कोहळ्यासारखा दिसते.

पण माझा सगळ्यात आवडता होस्ट म्हणजे क्राउन इथर, तेही एक कडंच. पेडरसन ह्या रसायनशास्त्रज्ञानं 1967 मध्ये छापलं, 1987 मध्ये क्रॅम अन् लेनसोबत नोबेल मिळालं. मॉडेल मुकुटासारखं दिसलं म्हणून क्राउन. आपल्याकडे ह्याला मुकुट म्हणायची काय गरज, चुंबळ म्हणा! आईची चुंबळ मी लहानपणी रोज पाहिली, जुन्या लुगड्याची पट्टी पिळून गोल केलेली, मधे भोक, मधला भाग पाण्यानं काळपट झालेला. डोक्यावर ठेवायची अन् वर भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचं गोल भांडं, त्याचा गोल बूड त्या भोकात थोडा खाली बसायचा अन् विहिरीपासून घरापर्यंत हलायचा नाही. आता 18-क्राउन-6 पाहा, कड्यात 18 अणू, त्यातले 6 ऑक्सिजन. पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, भोकात बरोबर मावते, सहाही ऑक्सिजन त्याला सगळ्या बाजूंनी धरतात. सोडियम लहान, त्याला जागा ढिली पडते. अन् सीझियम मोठा, भोकात जातच नाही, वर बसून राहते, थेट चुंबळीवरच्या गुंडासारखा. घरी येऊन गुंड उतरवला की चुंबळ तशीच खुंटीवर, दुसऱ्या खेपेला तीच. मला ह्यापेक्षा चांगला मराठी शब्द अजून कोणी दाखवला नाही, मुकुट कधीच गुंड धरत नाही.

हं, तू होस्टचं विचारलं होतं. यजमान मूळचा यज् धातूचा, स्वतःसाठी यज्ञ करवून घेणारा, अन् घराघरात बाया नवऱ्याला यजमान म्हणतात. पाहुण्याशी त्याचा मुळात संबंध नाही, नंतर जुळला. इंग्रजीत होस्ट अन् गेस्ट एकाच मुळातून निघाले, तसं जुळं आपल्याकडे नाही. मी घरधनी लिहिला असता, घरधनी अन् पाहुणा. पेपरात मात्र यजमानच लिही, तपासणाऱ्याला तोच माहीत असते.