सोळा वर्षांच्या मुलाला डोंगरातील शोध व बचाव पथकात जाऊ द्यावे का?

आपण विचारले आहे की, अकरावीत शिकणारा आणि गेली काही वर्षे सह्याद्रीत भटकणारा आपला मुलगा आता एखाद्या बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून जायचे म्हणतो, परदेशात चौदा-पंधरा वर्षांची मुले हे काम करतात याची उदाहरणे दाखवतो, तर त्याला होकार द्यावा का आणि दिलाच तर त्याला तिथे नेमके काय करता येईल. मी सह्याद्रीत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी पथकात बरीच वर्षे आहे आणि नव्या मुलांना तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. माझे मत असे की, त्याला पथकात अवश्य जाऊ द्या, शोधकार्यात काही अटींवर जाऊ द्या, पण दोरावरच्या बचावकार्यात अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुळीच जाऊ देऊ नका. शोध आणि बचाव हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ही दोन निराळी कामे आहेत आणि वयाचा प्रश्न दोन्हींना सारखा लागू होत नाही.

मुलगा सांगतो ते खोटे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहराभोवतीच्या किंग काउंटीत ‘एक्सप्लोरर सर्च अँड रेस्क्यू’ नावाचे पथक आहे. बॉय स्काउट चळवळीच्या ‘एक्सप्लोरर’ शाखेतून १९५० च्या दशकात ही परंपरा सुरू झाली आणि तिथे आजही वयाच्या चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीच्या पथकातही शाळकरी मुले असतात आणि ती खऱ्याखुऱ्या मोहिमांवर जातात. मात्र या मुलांच्या वाट्याला मुख्यतः जे काम येते ते आपण समजून घेतले पाहिजे. जंगलाचा एखादा पट्टा आखून घ्यायचा, शेजारचा सहकारी नजरेच्या टप्प्यात राहील इतके अंतर ठेवून एका रांगेत उभे राहायचे आणि झुडूप न् झुडूप पाहत हळूहळू पुढे सरकायचे. या कामाला माणसे पुष्कळ लागतात, शिस्त लागते, कंटाळा सोसण्याची तयारी लागते, पण कड्यावरून लोंबकळावे लागत नाही. याउलट जर्मनीत आपत्तीच्या वेळी धावून जाणाऱ्या ‘टे-हा-वे’ (THW) या सरकारी संस्थेची भली मोठी युवा शाखा आहे, तिच्यात मुले लहान वयापासून दोर, शिड्या, दिवे आणि स्ट्रेचर हाताळायला शिकतात, परंतु प्रत्यक्ष मोहिमेवर जायचे ते अठराव्या वर्षानंतरच. तेव्हा परदेशाचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो, हे चिरंजीवांना अवश्य सांगा.

आपल्याकडची अडचण भूगोलाची आहे. सह्याद्रीत चुकलेला माणूस सपाट जंगलात बसलेला क्वचितच सापडतो. तो धुक्यात भरकटून एखाद्या कड्याच्या टोकाशी पोहोचलेला असतो, पाण्याच्या शोधात नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या घळीत, उतरून अर्ध्यावर अडकलेला असतो, किंवा धबधब्याखालच्या डोहात गेलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला निव्वळ शोध असणारे काम अर्ध्या तासात दोरावरचे काम होऊन बसते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, घसाऱ्याची वाट पायाखालून सुटते आणि वरच्याने सैल केलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. नाळेत काम करताना जखमी व्हायला स्वतःची चूक लागत नाही, वरच्या माणसाची पुरते. ज्या ठिकाणी अनुभवी माणूससुद्धा हेल्मेट घालून, मान वर करून उभा असतो, तिथे सोळा वर्षांच्या मुलाला ‘अनुभव मिळावा’ म्हणून उभे करण्याचा अधिकार कोणत्याही पथकप्रमुखाला नाही, आणि पालकांनी संमतिपत्रावर सही केल्याने तो मिळतही नाही.

दुसरी गोष्ट पालकांना सांगताना जड जाते, पण सांगितली पाहिजे. आमच्या कामात जिवंत माणूस वर आणण्याचे प्रसंग जितके लोकांना दिसतात तितके प्रत्यक्षात नसतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एक जण सोडून बसमधील सर्व जण दगावले. पावसात आणि धुक्यात त्या दरीत उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर आणि परिसरातील ट्रेकर्स मंडळी होती. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा शिवदुर्ग मित्र हे लोणावळ्याचे बचाव पथक, नौदलाचे पाणबुडे आणि इतर स्वयंसेवक जे शोधत होते तेही मृतदेहच होते. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी सापडलेला देह उचलून स्ट्रेचरवर बांधणे हे काम मोठ्या माणसांनाही रात्री झोपू देत नाही. मुलगा धीट असेल, पण धीटपणाचा येथे फारसा संबंध नाही. असे काही पाहिल्यावर त्याचे काय होते हे आठवड्या-दोन आठवड्यांनी कळते, आणि तोवर पथकातली माणसे आपापल्या नोकरीधंद्याला लागलेली असतात.

यावर कोणी म्हणेल की, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरची मुले वयाचा दाखला दाखवून मदतीला येत नाहीत. ते अगदी खरे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीबाहेरच्या शाळेत मोबाइलवर खेळत बसलेल्या काही मुलांनी आवाज ऐकून धावाधाव केली आणि खाली खबर पोहोचवली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. वाडीपर्यंत रस्ता नाही, पावसामुळे हेलिकॉप्टर येईना, यंत्रे वर चढवता येईनात, त्यामुळे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आणि खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे स्वयंसेवक पायी चढून गेले आणि फावडी-कुदळींनी माती उपसत राहिले. वर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. अशा ठिकाणी स्थानिक पोरगा आपल्याच घरच्या माणसांसाठी मातीत हात घालतो, तेव्हा त्याला वय विचारायला कोणी जात नाही आणि जाऊही नये. ठाकर किंवा महादेव कोळी वाडीतला पंधरा वर्षांचा मुलगा अंधारात ज्या वाटेने आम्हाला नाळेच्या तोंडाशी नेतो ती आमच्या नकाशावर नसते. तरीसुद्धा आमचा नियम असा आहे की, वाट दाखवणारा मुलगा दोर लागतो तिथून मागे फिरतो आणि त्याच्याबरोबर एक मोठा माणूस परत जातो. शहरातून हौसेने येणाऱ्या मुलाला यापेक्षा अधिक सवलत देण्याचे काही कारण मला दिसत नाही.

मग त्याने करायचे काय? पायथ्याच्या तळावर इतके काम असते की त्यासाठी चांगला मुलगा मिळाला तर आम्हाला हवाच असतो. गावच्या मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर सतरंजी टाकून तळ मांडलेला असतो आणि तिथे वही घेऊन बसलेल्याला सर्वांत आधी नोंद करावी लागते ती वर गेलेल्यांची: कोण, किती वाजता, कोणत्या वाटेने, बरोबर कोणता दोर, किती कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), वॉकीटॉकी कोणाकडे, बॅटरी केव्हा बदलली. ही वही नीट नसेल तर पहाटे पाच वाजता सगळे परतले की एक जण मागे राहिला, हे सांगता येत नाही. चुकलेल्याच्या मित्रांशी किंवा घरच्यांशी बोलून माहिती काढणे हे दुसरे काम. पायात काय होते, पाणी किती होते, शेवटचा फोन केव्हा आला, त्या वेळी ऊन कोणत्या बाजूला होते, मागे धबधब्याचा आवाज येत होता का, निघण्याआधी भांडण झाले होते का, हे सारे त्यात येते. चुकलेला बहुधा विशीच्या आसपासचा असतो आणि त्याचे घाबरलेले मित्र पोलिसांना जे सांगत नाहीत ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सांगून टाकतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. अडकलेल्या माणसाशी संपर्क असेल तर त्याला सारखे फोन करू न देता, त्याचे ठिकाण एकदा मागवून घेऊन पुढे लेखी संदेशांवरच बोलत राहणे आणि त्याच्या मोबाइलची बॅटरी वाचवणे, हेही ही मुले आमच्यापेक्षा सफाईने करतात.

मोहीम संपल्यावरचे काम कोणाच्या छायाचित्रात येत नाही. चिखलाने माखलेले दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे असतात, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होते. वाळल्यावर प्रत्येक दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत-वीत करून बोटांतून काढायचा, कुठे मऊ पडला आहे का, चपटा लागतो का, वरचे आवरण कातळावर घासून तंतू निघाले आहेत का ते चाचपायचे आणि त्या दोराच्या नावाने असलेल्या नोंदीत तारीख घालून लिहायचे. संशय आला तर तो दोर बाजूला काढायचा, मग तो कितीही महाग असो. हे काम वर्षभर मन लावून करणाऱ्या मुलाच्या हातात पुढे मी डोळे झाकून अँकर, म्हणजे दोर ज्या आधाराला बांधतात तो बांधण्याचे काम, देईन. एकदाच येऊन कड्यावरून रॅपलिंग करण्याचा (दोरावरून खाली उतरण्याचा) आग्रह धरणारा मुलगा कितीही चपळ असला तरी देणार नाही.

प्रत्यक्ष शोधासाठी त्याला सोबत न्यायचे तर माझ्या अटी साध्या आहेत. काम दिवसाउजेडी असावे, मळलेल्या वाटेवर किंवा पठारावर असावे, त्याच्या पुढे एक आणि मागे एक अनुभवी माणूस असावा, आणि हाका मारणे, शिट्टी वाजवणे, वाटेच्या फाट्यावर खुणा पाहणे एवढ्यापुरतेच ते असावे. माणूस गंभीर जखमी किंवा मृत असण्याची शक्यता दिसू लागली की त्या क्षणी त्याला खाली पाठवावे. ‘मागे फिर’ म्हटल्यावर तोंड वाकडे न करता मागे फिरणारा मुलगा हवा. चढाईतले कौशल्य शिकवता येते, हे शिकवायला वेळ लागतो.

घरच्यांनी पाहायच्या गोष्टीही आहेत. मदतीचे फोन बहुतेक शनिवार-रविवारी संध्याकाळी येतात आणि काम पहाटे संपते. सोमवारी सकाळी क्लासला जायचे आहे म्हणून रात्रभर जागलेल्या कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून घाटातून घरी येणे हे मला डोंगरापेक्षा धोक्याचे वाटते. परतीच्या प्रवासाची व्यवस्था ठरलेली नसेल तर त्याला त्या दिवशी पाठवू नका. बारावीच्या वर्षात सराव शिबिरे पुरेशी आहेत. मोहिमेनंतर तो गप्प झाला, जेवेना, किंवा उलट त्याच गोष्टी सारख्या बोलू लागला, तर पथकप्रमुखाला निःसंकोच फोन करा. त्या फोनचा कंटाळा करणारे पथक आपल्या मुलासाठी योग्य नाही.

पथक निवडताना त्यांच्या समाजमाध्यमांवरील छायाचित्रांना भुलू नका. एखाद्या रविवारी त्यांच्या सरावाला जाऊन बसा. सरावातही सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, बांधलेली गाठ दुसरा माणूस तपासतो का, अठराखालील मुलांसाठी लेखी नियम आहेत का, सदस्यांचा अपघात विमा उतरवलेला आहे का, आणि जखमी किंवा मृत व्यक्तीची छायाचित्रे काढण्यास बंदी आहे का, हे विचारा. आणखी एक प्रकार अलीकडे फार बोकाळला आहे: पैसे घेऊन शे-दीडशे लोकांना गडावर नेणारे काही आयोजक कोवळ्या मुलांना ‘व्हॉलंटियर’चा टी-शर्ट आणि फुकट जेवण देऊन त्यांच्या गळ्यात पन्नास अनोळखी माणसांची जबाबदारी घालतात. ते बचावकार्य नाही आणि प्रशिक्षणही नाही, तिथे तर अजिबात पाठवू नका.

एखाद्या चांगल्या पथकाने ‘अठरा झाल्यावर या’ असे सांगितले तर वाईट वाटून घेऊ नये. मधल्या काळात सेंट जॉन अॅम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेता येते, महाविद्यालयात एनसीसी किंवा राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तिथे नाव घालता येते, नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकता येते, आणि पोहणे येत नसेल तर ते सर्वांत आधी शिकावे. अठरा पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात आपदा मित्र या स्वयंसेवकांना आपत्तीतल्या मदतीचे प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी योजनेच्या पुढच्या तुकडीची चौकशी करावी. त्या योजनेत वयाची अट १८ ते ४० अशी आहे, प्रशिक्षण १२ दिवसांचे असते आणि ते परीक्षांच्या तारखा पाहून ठरत नाही, म्हणून बारावीची परीक्षा संपली की लगेच नाव देऊन ठेवलेले बरे.