वाचकांचे प्रश्न : मागच्या एक्सलचा रेशो बदलायचाय, पण कितीचा घ्यायचा?

जुन्या गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलबद्दल (मागच्या एक्सलच्या मधला, फिरणं दोन्ही चाकांना वाटून देणारा भाग) बरेच प्रश्न आलेत, आणि बहुतेकांचा सूर एकच आहे की हायवेवर इंजिन फार ओरडतं. म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतले. एक्सलचा रेशो म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणारा दांडा) किती वेळा फिरतो तो आकडा; आकडा लहान तर त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं.

प्रश्न : माझी १९७१ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (टॉप गिअरमध्ये इंजिन आणखी हळू फिरवणारी जादा सोय) नाही. ताशी १००ला आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) ३५००च्या जवळ जातो आणि आवाजाने डोकं उठतं. व्ही८ वाल्या एमजीबीचा ३.०७ रेशोचा एक्सल मिळतोय. बसवून टाकू का?

उत्तर : नको. निदान ३.०७ तरी नकोच.

आधी हिशोब बघू, कारण या विषयात निम्मे लोक हिशोब न करताच स्पॅनर हातात घेतात. तुमच्या गाडीला मूळचे १६५-१४ टायर असतील असं धरतो. कागदावर त्याचा घेर १.९५ मीटरच्या आसपास येतो, पण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, त्यामुळे चाक एका फेरीत प्रत्यक्षात साधारण १.८९ मीटरच पुढे जातं. (घरी मोजायचं तर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, एकाला आत बसवा, चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत गाडी ढकला, टेप लावा आणि दहाने भागा. टायरच्या बाजूवर छापलेल्या साइजवरून काढलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा कधीही खरा.) ताशी १०० म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, त्याला १.८९ने भागलं की चाकाच्या ८८२ फेऱ्या. टॉप गिअर डायरेक्ट आहे (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात), म्हणून या ८८२ला थेट एक्सलच्या रेशोने गुणायचं. तुमचा मूळ ३.९०९ असेल तर ३४५० आरपीएम, म्हणजे तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. ३.७ला ३२६०, ३.३०७ला २९२० आणि ३.०७ला २७१०.

२७१० वाचून बरं वाटतं, पण तुमच्या १८०० सीसी इंजिनचा सगळ्यात जास्त टॉर्क (ओढायची ताकद) ३००० आरपीएमच्या आसपास मिळतो. म्हणजे ३.०७ लावून तुम्ही १००ला पण त्याच्या खाली, आणि ८०ला तर २१७०वर. सपाट रस्त्यावर, वारा मागून असला तर मजा येईल, जरा चढ लागला किंवा समोरून वारा आला की तिसरा टाका, परत चौथा, परत तिसरा. आणि एक्सल बदलला की फक्त टॉप गिअर बदलत नाही हो, सगळेच बदलतात! ३.९०९चा ३.०७ केला की प्रत्येक गिअरमधली ओढ साधारण २१ टक्क्यांनी कमी. पहिल्यात निघताना क्लच जास्त वेळ घसरवावा लागणार, आणि खरी परीक्षा रिव्हर्सला, चढावर गाडी मागे घ्यायची वेळ आली की क्लचचा वास आलाच म्हणून समजा. कंपनीने ३.०७ दिला तो साडेतीन लिटरच्या व्ही८ला आणि तीन लिटर सहा सिलिंडरच्या एमजीसीला. त्यांच्याकडे खालून ओढायला दम होता.

मग करायचं काय? तुम्हाला हवंय ते खरं म्हणजे ओव्हरड्राइव्ह आहे. लेकॉक कंपनीचा एलएच टाइप ओव्हरड्राइव्ह युनिट असलेला गिअरबॉक्स त्याच मॉडेलच्या गाडीचा मिळाला तर ०.८२ने टॉप हलका होतो, १००ला २८३० येतात, आणि चढ आला की एका स्विचवर तुमचा जुना ३.९०९ हजर. पहिला गिअर, रिव्हर्स, कशालाच धक्का नाही. एक्सलमध्ये ही सोय नाही, एकदा बसवला की बसवला. काम मात्र मोठं आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काढावे लागतात, ते आधीच सांगून ठेवतो. आणि कुणी ‘दोन्ही कर की’ म्हणालं तर ऐकू नका, ३.०७ अधिक ओव्हरड्राइव्ह म्हणजे १००ला २२२० आरपीएम, या इंजिनाला ते झेपणार नाही.

३.७ मिळाला तरी १००ला जेमतेम १८५ आरपीएम वाचतात, तेवढ्यासाठी एक्सल उघडावा असं मला वाटत नाही. त्याआधी आवाज नक्की कुठून येतोय ते तरी बघा, कारण ३४५० आरपीएम या इंजिनाला काही छळ नाहीये. एक्झॉस्टचं माउंटिंग कडक झालंय का, पाइप बॉडीला टेकतोय का, दरवाज्यांची रबरं गेलीत का. बरेचदा अर्धी डोकेदुखी तिथेच निघते.

प्रश्न : आधीच्या मालकाने कुठला रेशो बसवलाय कळत नाही, एक्सलवरचा रेशोचा टॅग गायब आहे. उघडल्याशिवाय कळेल का?

उत्तर : कळेल. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडवायचे ठोकळे लावा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, कितीही घाई असली तरी), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूने रेघ मारा. आता उचललेलं चाक बरोबर २० फेऱ्या फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्याला मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे क्राउन (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, त्याला शाफ्टच्या टोकाचं छोटं चाक म्हणजे पिनियन फिरवतं) निम्म्याच वेगाने फिरतो, म्हणजे २० फेऱ्यांत क्राउनच्या दहा. शाफ्ट ३९ आणि थोडा वर फिरला तर रेशो ३.९. एकदोन फेऱ्यांवरून अंदाज काढायला गेलात तर ३.७ आणि ३.९ मध्ये गोंधळ होणारच, म्हणून २०. लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू न देणारं डिफरन्शियल) असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे दोन्ही चाकं उचलायची, एकत्र दहा वेळा फिरवायची आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागायचं.

टॅगवर किंवा क्राउनवर ४३ आणि ११ असे दोन आकडे सापडले तर ते दात आहेत, भागाकार केला की ३.९०९. असे विचित्र आकडे मुद्दाम ठेवतात. दोन्हींना भाग जाणारी एकच संख्या नसली की पिनियनचा प्रत्येक दात हळूहळू क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते.

प्रश्न : ट्रायम्फ टीआर४ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला फोर्ड टाइप ९ पाच गिअरचा बॉक्स बसवला. एक्सल ४.१ आहे. हायवेला छान चालते पण पहिला गिअर इतका छोटा वाटतो की निघाल्या निघाल्या दुसरा टाकावा लागतो. सवय होईल का?

उत्तर : सवय होईल पण करून घेऊ नका. वरच्या एमजीबीवाल्यांना नाही म्हटलं, तुम्हाला मात्र एक्सल बदला असंच सांगेन.

तुमच्या जुन्या बॉक्सचा पहिला ३.१४ होता, ४.१ने गुणला की १२.९. टाइप ९ चा पहिला ३.६५, म्हणजे आता एकूण १५ झाला. छोटा वाटतो नाही, आहेच. त्यात या बॉक्सचा दुसरा १.९७, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात मोठी उडी. ती उडी एक्सलने जाणार नाही, दोन गिअरमधलं अंतर बॉक्समध्येच ठरलेलं असतं, हे लोक विसरतात आणि नंतर एक्सलला शिव्या घालतात. पण ३.७चा क्राउन-पिनियन घातला तर पहिला १३.५वर येतो, मूळ गाडीच्या बराच जवळ. १६५-१५ टायर धरले तर पाचव्यात १००ला २८५० ऐवजी २५७०. चढाला जड वाटलं तर चौथा डायरेक्ट आहेच, तिथे ३१४०. ३.७ हा या गाडीला कंपनीचाच रेशो, त्यामुळे काही जुगाड करायला लागत नाही.

क्राउन आणि पिनियन एकाच सेटचे घ्या. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोन्हींवर सहसा एकच जोडी-नंबर कोरलेला सापडतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन घेतला तर आयुष्यभर घूंऽऽ ऐकत बसाल.

प्रश्न : साठच्या दशकातली अमेरिकन व्ही८ आहे, तीन गिअरची ऑटोमॅटिक, एक्सल २.७३. पिकअप नाही. ४.१० लावावा म्हणतो.

उत्तर : सिग्नलला मजा, बाकी सगळीकडे सजा. साधारण दोन मीटर घेराच्या टायरवर ताशी १००ला २.७३ मध्ये २२७५ आरपीएम होतात, ४.१०मध्ये ३४२०, आणि वर टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) घसरण वेगळी. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या ऑटोमॅटिकला मी ३.३ ते ३.५५च्या पुढे जाणार नाही, गाडी फक्त ड्रॅग स्ट्रिपवर चालवायची असेल तर गोष्ट वेगळी.

सेट विकत घेण्याआधी कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो मधला भाग) बघा. जीएमच्या १२-बोल्ट एक्सलमध्ये रेशोच्या गटाप्रमाणे तीन वेगवेगळे कॅरिअर होते. डाना ४४ मध्ये ३.७३पर्यंत एक आणि ३.९२पासून दुसरा. आकडा मोठा झाला की पिनियन बारीक होतो, मग क्राउन त्याच्यापर्यंत पोचायला कॅरिअर वेगळा लागतो. फोर्ड नऊ-इंचवाले यात सुखी, त्यांचा सगळा मधला गोळा (क्राउन, पिनियन, कॅरिअर एकत्र) पुढून बाहेर येतो. दोन रेशोचे दोन गोळे जुळवून ठेवा आणि हवा तो लावा.

प्रश्न : क्राउन-पिनियन स्वतः बसवता येईल का?

उत्तर : गोळा अख्खा बदलायचा असेल तर येईल. नुसते दाते बदलून सेटिंग करायचं असेल तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ), शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) आणि भरपूर सबुरी हवी. पिनियन किती आत बसतो, त्याच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) आणि क्राउनची बॅकलॅश (दातांमधली मोकळीक), तिन्ही जुळावं लागतं, आणि एक हलवलं की दुसरं हलतं. बॅकलॅश दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरमध्ये मोजायची असते, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

शेवटी दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला थोडा अडथळा देऊन फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध, लांबट, कडांपासून सुटलेला हवा. वरच्या टोकाला गेला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, मुळाशी रुतला तर फार आत घुसलाय. ठसा वाईट असताना ‘चालून चालून बसेल’ म्हणणारा मेकॅनिक भेटला तर गाडी परत घेऊन या. नवीन सेटला पहिले काही शे किलोमीटर हळू चालवा, लांब पल्ला एका दमात नको, मधे थांबून गार होऊ द्या आणि मग तेल बदला. हायपॉइड दात (या एक्सलमधले तिरके, वळणदार दात) एकमेकांवर खूप घसरतात, सुरुवातीला तापतातच.

प्रश्न : रेशो बदलल्यावर स्पीडोमीटर चुकतो का?

उत्तर : केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर हो, आणि चुकीच्या बाजूला चुकतो. ४.१चा ३.७ केला तर काटा ९० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे १००वर असता. काही बॉक्सना बाजूचं छोटं स्पीडो पिनियन बदलता येतं, नाहीतर केबलच्या मधे बसणारा रेशो अडॅप्टर मिळतो. स्मिथ्सचं मीटर असेल तर डायलवर खाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, मैलामागे केबलच्या किती फेऱ्या तो. मीटर रिकॅलिब्रेट करणाऱ्याला तो आकडा आणि नवीन रेशोवर खरंच होणाऱ्या फेऱ्या द्या, बाकीचं तो बघून घेईल. तोवर मोबाइलचा जीपीएस लावा.