नळी काढल्यावर बाळाला पुन्हा धाप लागते तेव्हा

आपण लिहिले आहे की बाळाची अन्ननलिका जन्मतःच मध्ये तुटलेली होती, तिचा खालचा भाग श्वासनलिकेत उघडत होता, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर व्हेंटिलेटरची नळी दोनदा काढून दोन्ही वेळा पुन्हा घालावी लागली. आता डॉक्टर म्हणतात की ‘श्वासनलिका मऊ आहे’, आणि शस्त्रक्रिया फसली की काय, अशी शंका आपल्याला छळते आहे. नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर मी एवढे खात्रीने सांगू शकते की नळी पुन्हा घालावी लागली, केवळ एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे ठरत नाही. त्रास केव्हा सुरू होतो, श्वास आत घेताना होतो की बाहेर सोडताना, आणि बाळ त्या वेळी काय करत असते, हे नीट पाहिले तर कारणाचा माग बहुधा तिथेच लागतो.

नळी काढल्यापासून काही तासांतच श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला, तर पहिला संशय सुजेचा असतो. नवजात बाळाच्या स्वरयंत्राखालची वाट जेमतेम 4 मिलिमीटर व्यासाची असते. तिला सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली की व्यास 2 मिलिमीटर उरतो, म्हणजे हवेला जायला मूळच्या जागेचा चौथा हिस्साच राहतो. मोठ्या माणसाला जी सूज घसा बसण्यापलीकडे जाणवणार नाही, तीच बाळाला दमवून टाकते. त्यात बाळाचा श्वास मुख्यतः छातीखालच्या पडद्याच्या स्नायूवर चालतो आणि तो स्नायू लवकर थकतो. वेदना पुरेशी आटोक्यात नसेल तर बाळ खोल श्वास घेत नाही, आणि वेदनाशामक औषध जास्त झाले तर श्वास मंदावतो. ही मात्रा साधणे फार नाजूक काम आहे.

श्वासनलिका मऊ असण्याची गोष्ट वेगळी. या जन्मदोषासोबत श्वासनलिकेला उघडी ठेवणारी कूर्चेची (लवचीक, मऊ हाडासारखी) कडीही अनेकदा कच्ची राहतात, आणि ती उणीव शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच असते. व्हेंटिलेटरचा दाब आतून आधार देतो तोवर काही कळत नाही. नळी निघाली की श्वास सोडताना भिंती आत कोसळतात. शांत झोपलेले बाळ ठीक दिसते. रडले, दूध पिऊ लागले किंवा खोकले की घरघर वाढते. खोकला भुंकल्यासारखा येतो आणि तो पुढे काही वर्षेही राहू शकतो. बहुतेक मुलांत वाढीबरोबर कूर्चा टणक होते आणि पहिल्या एक-दोन वर्षांत श्वास सुधारतो. मात्र रडताना किंवा दूध पिताना बाळ निळे पडून श्वास थांबत असेल, तर वाट पाहणे योग्य नाही. अशा वेळी बाळ स्वतः श्वास घेत असताना दुर्बिणीने तपासणी करून श्वासनलिकेला आधार देणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेच्या जागेशी थेट संबंध असलेली कारणेही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात अचानक धाप वाढली, ताप आला किंवा छातीतल्या नळीतून लाळेसारखा फेसाळ स्राव येऊ लागला, तर टाक्यांतून गळती झाली आहे का हे तातडीने पाहावे लागते. काही आठवड्यांनी अन्ननलिकेची टोके जिथे जोडली ती जागा आकसली तर दूध आणि लाळ वर साचून श्वासमार्गात उतरते. प्रत्येक वेळी दूध पिताना ठसका लागणे आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, यामागे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांमधली बंद केलेली वाट परत उघडलेली असू शकते. रडण्याचा आवाज अगदी क्षीण किंवा घोगरा असेल, तर स्वरतंतूंची हालचाल तपासून घ्यावी.

एक गोष्ट आपण खाटेजवळ उभे असताना पाहू शकता. आमच्या विभागात अशा बाळाच्या खाटेवर सक्शनची (लाळ ओढून घेण्याची) नळी किती सेंटिमीटर आत घालायची याची चिठ्ठी लावलेली असे आणि नळीवर त्या मापाची खूण केलेली असे, कारण एक-दोन सेंटिमीटर जास्त गेलेली नळी ताज्या टाक्यांना इजा करू शकते. नाकातून पोटात गेलेली नळी निसटली, तर ती अंदाजाने परत घालायची नाही. आधी शल्यविशारदांना बोलवायचे. अशी चिठ्ठी दिसत नसेल तर निःसंकोच विचारा. चांगल्या परिचारिकेला त्याचा राग येत नाही.

वेगळ्या दोषासाठी शस्त्रक्रिया झालेल्या बाळांच्या पालकांसाठी थोडक्यात लिहिते. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला छिद्र असलेल्या बाळाची फुप्फुसेच अपुरी वाढलेली असतात, म्हणून छिद्र शिवले तरी श्वास लगेच सुधारत नाही. पोटाबाहेर आलेली आतडी आत घेतली की पोटातला दाब वाढून पडदा वर ढकलला जातो, त्यामुळे ती कधी कधी टप्प्याटप्प्याने आत घेतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर गर्भातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून साधारण 60 होईपर्यंत भूल दिल्यानंतर श्वास मध्येच थांबण्याचा धोका राहतो.

घरी जाण्यापूर्वी बाळाचा श्वास मोजायला आणि त्याला तोंडाने श्वास द्यायला कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. बाळ शांत असताना पूर्ण 1 मिनिट पोटाची हालचाल मोजावी. सतत 60 पेक्षा जास्त श्वास, फासळ्यांखाली खळगा पडणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे किंवा दूध नाकारणे दिसले तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. ओठ-जीभ निळी पडली किंवा श्वास थांबला तर जागेवरच मदत सुरू करून दुसऱ्या कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगावे. निळेपणा नसलेली नेहमीची घरघर मात्र फोनवर चित्रित करून ठेवा आणि पुढच्या भेटीत आधी तेच दाखवा, कारण तपासणीच्या वेळी बाळ नेमके शांत झोपलेले असते.