आजीच्या घरातल्या वस्तू संग्रहालयाला देण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचा वाडा रिकामा केला तेव्हाचं सगळं आठवलं. तुमचं गावचं घर पाडायचंय, आत घंगाळ, बंब, शेवयांचा पाट, अडकित्ते, पणजोबांचं 'पहिल्या महायुद्धातलं शौर्यपदक', आणि हे सगळं ज्या संग्रहालयाला द्यायचंय तिथले गृहस्थ म्हणतात, "आणून ठेवा, मग बघू." हे "मग बघू" ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं, म्हणून लांबलचक लिहितोय. फोटो, मोजमापं वगैरे तुम्ही करालच.

आमच्याकडच्या एका संग्रहालयानं (नाव घेत नाही, माणसं अजून तिथेच आहेत) सगळं सामान टेम्पोतून उतरवून घेतलं. पोचपावती मागितली तर "समितीची बैठक झाली की पोस्टानं येईल." ती कधीच आली नाही. पुढे बघायला गेलो तर तांबं एका कपाटात, पितळ दुसऱ्यात, लोखंड जिन्याखाली. एका चिठ्ठीवर लिहिलेलं, "पितळी डबा, अंदाजे शंभर वर्षे जुना." अहो, अंदाज कसला? तो माझ्या आजीच्या लग्नातला आहेर. देणाऱ्या मामांचं नाव, गाव, तारीख, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. होतं म्हणतोय, कारण कुणी पाहुणे येणार म्हणून भांडी पॉलिशला पाठवली आणि बफिंगच्या चाकाखाली अक्षरं गेली. तक्रार केली तर उलट आम्हालाच, "डबा तुमचा होता याचा कागद दाखवा."

म्हणून माझं ठाम मत: यादीवर शिक्का, सही आणि तारीख मिळाल्याशिवाय चमचासुद्धा देऊ नका. यादीत प्रत्येक वस्तू कोण वापरायचं, घरात कुठे असायची आणि तिच्यावर काय कोरलंय ते अक्षरशः उतरवा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. देणगी की उसनं, तेही लिहून घ्या. सगळं सामान नोंदवहीत एकाच घराच्या नावावर चढवा म्हणावं. घराच्या नावाशिवाय नुसता पितळी डबा भंगारातही मिळतो. आणि चिंच, लिंबू, राख यातलं काही लावू नका, कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसली की पुरे.

वस्तू मांडणीत दिसेलच अशी आशा मात्र धरू नका. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे आणि अडकित्ते बघून आपल्याला वाटतं सगळंच मांडलंय. पण तिथेही 20,000 च्या वर वस्तूंपैकी मांडलेल्या 2,500 च्या आसपासच.

आता पदक. चांदीचं, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं मुंडकं आणि दुसऱ्या बाजूला 1914, 1918 असे आकडे असतील, तर ते शौर्यपदक नव्हे, लढाईच्या काळातल्या सेवेबद्दल सरसकट दिलेलं. हिरमुसू नका, खरा ऐवज त्याच्या कडेवर आहे. भिंगातून बघा: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. 103, 110 किंवा 117 मराठा निघाली, तर या तिन्ही पलटणी आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या, जो 29 एप्रिल 1916 ला आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेच्या शरणागतीनं संपला. पणजोबा त्या वेळी पलटणीबरोबर तिथे होते की नाही, हे मात्र पदकावरून ठरत नाही. वजन करायला म्हणूनही ते सोनाराकडे नेऊ नका, अशी कितीतरी पदकं मुशीत गेली. मी तरी पदक घरातच ठेवलं असतं.

कायद्याचं: मी वकील नाही, खात्री करून घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांनाच आहे, घंगाळाला नाही. पण शंभर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतला भाऊ "अडकित्ता मी नेतो" म्हणाला, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

पाटा-वरवंटा कुणी घेणार नाही, सगळीकडे ढीग पडलेत. शेवयांचा पाट देण्याआधी मात्र घरातल्या जुन्या बायकांना एकदा त्यावर शेवया करायला बसवा आणि मोबाइलवर चित्रण करा: पीठ किती मळायचं, पाटावर कोण बसायचं, खाली शेवई कोण झेलायचं. प्रत संग्रहालयाला द्या, मूळ तुमच्याकडेच ठेवा.