नवं इंजिन की ओव्हरहॉल? आधी क्रँकचं माप येऊ द्या

प्रश्न: हर्णैला माझा लाकडी ट्रॉलर आहे. सहा सिलिंडरचं इंजिन तेल खातं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, गरम झालं की ऑइल प्रेशर पडतं. मिस्त्रीने ओव्हरहॉलचे, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलण्याचे, 2 लाख 60 हजार सांगितलेत. नवं इंजिन गिअरबॉक्स आणि बसवणुकीसह 9 लाखांना पडतं, विक्रेता म्हणतो 10 टक्के डिझेल वाचेल. वर्षाला साडेतेरा हजार लिटर डिझेल लागतं. वय 54, मुलगा चिपळूणला नोकरीला, तो या धंद्यात येणार नाही. 4 लाखांची मुदत ठेव आहे. त्यातले 3 लाख काढून बाकी 6 लाखांचं कर्ज घेऊ का?

उत्तर: नाखवा, माझा कल ओव्हरहॉलकडे आहे. एक अट आहे, ती पुढे सांगतो.

आधी डिझेलचं बघू, कारण तुम्ही त्याच आकड्याला भुललात असं वाटतं. लिटरला 92 रुपये धरले तर तुमचं वर्षाचं डिझेल 12 लाख 42 हजारांचं. त्यातले 10 टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. पण विक्रेत्याने नव्या इंजिनाची तुलना तुमच्या आजच्या थकलेल्या इंजिनाशी केली आहे. लाईनर, पिस्टन, रिंगा बदलल्या, नोझल तपासून घेतले आणि फ्यूल पंप कॅलिब्रेट केला की याच इंजिनाचं डिझेल बरंच खाली येतं. त्यानंतरही नवं इंजिन 3 टक्के जास्त वाचवेल असं मानू. म्हणजे वर्षाला 37 हजार.

आता खर्चाची बाजू. 6 लाख, 12 टक्के व्याज, 4 वर्षं: हप्ता साधारण 15,800 रुपये आणि एकूण व्याज 1 लाख 58 हजार. ओव्हरहॉलपेक्षा नव्या इंजिनाला व्याजासकट 7 लाखांहून जास्त पैसे लागतील, आणि ते डिझेलच्या बचतीतून भरून यायला वीसेक वर्षं जातील. तुम्ही अजून किती वर्षं समुद्रावर जाणार? मुलगा बोट चालवणार नसेल तर सहा-सात वर्षांपलीकडचा हिशेब मी धरणार नाही.

शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बँक त्या दोन महिन्यांचा हप्ता सोडत नाही. ठेव आधीच मोडलेली असेल तर तेवढ्यासाठी दलालाकडून उचल घ्यावी लागेल, आणि मग सबंध हंगाम मासळी त्याच्याच भावाने त्यालाच द्यायची. ते व्याज कुठल्याच कागदावर दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महाग तेच.

अट आता सांगतो. बंदी लागताच पहिल्या आठवड्यात इंजिन उघडा. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) जर्नलचं, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं, माप मायक्रोमीटरने घ्या, ब्लॉकला तडा आहे का किंवा तो खाऱ्या पाण्याने खाल्लाय का ते बघा. क्रँक एका ग्राइंडिंगमध्ये सुधारत असेल तर पुढे जा. शेवटच्या अंडरसाइझपर्यंत (बेअरिंग मिळतं त्या सगळ्यांत बारीक मापापर्यंत) घासून झाला असेल किंवा ब्लॉकच गेला असेल, तर त्यात पैसे घालू नका. एकूण अंदाज साडेचार लाखांवर गेला तरी थांबा. अशा वेळी नवं इंजिन घ्या, पण कर्जाचे हप्ते वर्षाला दहाच आणि हंगामातच पडतील असं बँकेशी आधी बोलून घ्या. जुलैत लेथवाल्यांकडे रांगा लागतात, म्हणून ही घाई.

मिस्त्रीच्या 2 लाख 60 हजारांत काय धरलंय तेही लिहून घ्या. पंप, हीट एक्सचेंजर (इंजिन थंड ठेवणारा भाग), गिअरबॉक्सची सीलं, लेथकाम या गोष्टी बहुतेक वेळा नंतर बाहेर येतात. मी 3 लाख 25 हजार धरून चालतो. सुट्या भागांचं पक्कं बिल मागा आणि त्यावर मासेमारी बोटीसाठी असल्याचा उल्लेख करून घ्या. 2018 च्या जीएसटी परिपत्रकाने मासेमारी बोटीच्या मरीन इंजिनाला 5 टक्के दर असल्याचं स्पष्ट केलंय, त्यामुळे नवं इंजिन घ्यायची वेळ आली तर हे विशेष लक्षात ठेवा.

पैशासाठी ठेव मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. साधारण 90 टक्क्यांपर्यंत मिळतो आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. ऑगस्टनंतरच्या कमाईतून तो फेडत राहा. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार यांसाठी किसान क्रेडिट कार्ड वेगळं ठेवा. 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून ते मच्छीमारांनाही मिळतं आणि मुदतीत फेडलं तर सवलतीनंतर व्याज 4 टक्क्यांवर येतं. डिझेलच्या व्हॅटचा परतावा मात्र हातात पडेपर्यंत जमेत धरायचा नाही.

सेकंडहँड इंजिनाचा विचार सोडून द्या. ते उघडून कोणी दाखवत नाही. आणि विम्यातून हा खर्च निघेल अशी आशा धरू नका, झीज विम्यात येत नाही.

इंजिन बसवल्यावर शाफ्टचं अलाइनमेंट (इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत का ते) बोट पाण्यात उतरवल्यानंतर पुन्हा तपासून घ्या, कारण लाकडी बोटीचा आकार पाण्यात थोडा बदलतो. पहिलं तेल 50 तासांच्या आसपास बदला. रॉ वॉटर पंपाचा (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा) इम्पेलर म्हणजे आतलं चाक आणि झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) दर बंदीत बघा. आणि ओव्हरड्राफ्ट फिटला की प्रत्येक फेरीमागे 5 हजार एका वेगळ्या लिक्विड फंडात (पैसे लवकर काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) टाका. तुमच्या वर्षाला 27 फेऱ्या धरल्या तर 1 लाख 35 हजार होतात. ज्या फेरीत मासळी लागली नाही त्या फेरीचे राहिले तरी चालतील.