आजीचे चरित्र कसे लिहावे?

प्रश्न : नव्वदी ओलांडलेली आमची आजी नुकतीच गेली. उभा जन्म तिने कष्टात काढला. पण तिच्या हातची एकही ओळ मागे राहिलेली नाही. तिच्या आठवणी कशा लिहाव्यात?

उत्तर : तारखांच्या मागे न लागता तिच्या कामांपासून सुरुवात करावी. पहाटे सर्वांआधी उठून ती प्रथम कशाला हात लावी, हिशेब कसा ठेवी, कोणावर रागावे, हे तिच्या मुलासुनांना वेगवेगळे गाठून विचारावे, कारण एकत्र बसल्यावर थोरल्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. कालक्रम मुलांच्या जन्मवर्षांवरून लावता येतो. दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवाव्यात. तिला देव्हाऱ्यात मात्र बसवू नये. तिचा हेका आणि दोऱ्याचे तुकडेही जपून ठेवणारी, नातवंडांना चिकटपणा वाटणारी तिची काटकसर, हेही लिहावे.